१०७ गुण आणि दुसरा क्रमांक

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रेक्सहॅम या वेल्समधील फुटबॉल क्लबने लागोपाठ तीन मोसमांत तीन वेळा बढती मिळवली, तेव्हापासून आपल्याकडच्या क्रीडा पानांवर त्याची गोष्ट एकाच साच्यातून निघते. हॉलिवूडचे दोन अभिनेते आले, त्यांनी पैसा ओतला, क्लब वर गेला. पैसा होता हे खरेच. पण ज्या २०२२-२३च्या मोसमात ही चढण सुरू झाली त्याचा गुणतक्ता समोर घेऊन बसले, तर या साच्यात न मावणारे बरेच काही दिसते. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या पाचव्या श्रेणीत, रेक्सहॅमचे १११ गुण झाले आणि नॉट्स काउंटीचे १०७. या श्रेणीतला आधीचा विक्रम होता १०५ गुणांचा, क्रॉली टाउनने २०१०-११ मध्ये केलेला. एकाच मोसमात दोन संघांनी तो मोडला आणि दोघांपैकी एकालाच थेट बढती मिळाली. ही बातमी आपल्याकडे जवळपास कोणी दिलीच नाही.

आधी नियम सांगतो. नॅशनल लीगमध्ये २४ संघ, प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा असे ४६ सामने. पहिला संघ सरळ लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या श्रेणीत जातो. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंतचे सहा संघ प्ले-ऑफ खेळतात आणि त्यांतून आणखी एकच वर जातो. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाला सवलत एवढीच की ते थेट उपांत्य फेरीत येतात आणि तो एकमेव सामना त्यांच्या मैदानावर होतो. आयपीएल बघून बघून इथे आपली गफलत होते. तिथे पहिल्या दोघांतला जो हरतो त्याला आणखी एक संधी असते. नॅशनल लीगच्या दुसऱ्या क्रमांकाला ती नाही. एक दुपार वाईट गेली की १०७ गुणांसकट पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाचवीच श्रेणी.

वरच्या मजल्यावर मात्र हात सैल आहे. लीग टूमधून चार संघ वर जातात, पहिले तीन थेट आणि चौथा प्ले-ऑफमधून. त्याच लीग टूमधून खाली येतात फक्त दोन. २००३ पर्यंत तर खालून वर यायला एकच जागा होती, त्या वर्षी दुसरी झाली. तिसरी जागा मिळावी ही मागणी नॅशनल लीगच्या क्लबांनी लावून धरली आहे. अडचण अशी की होकार द्यायचा तो वरच्या क्लबांनी, आणि जागा वाढली की खाली जाणारा तिसरा त्यांच्यातलाच असणार. अशा ठरावावर उत्साहाने हात वर होत नाहीत, यात नवल नाही.

आता गुणांचा हिशेब. 'घरी जिंका, बाहेर बरोबरी सांभाळा' हा फुटबॉलमधला जुना व्यवहार. ४६ सामन्यांत तो शब्दशः पाळला तर घरचे २३ विजय म्हणजे ६९ गुण, बाहेरच्या २३ बरोबऱ्या म्हणजे २३ गुण, एकूण ९२. सामन्याला सरासरी दोन गुण. बहुतेक श्रेणींत एवढ्यावर काम भागते. रेक्सहॅमनेच २०२४-२५ मध्ये लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत, नेमके ९२ गुण मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकावरून थेट चॅम्पियनशिप ही दुसरी श्रेणी गाठली. पण २०२२-२३ च्या नॅशनल लीगमध्ये ९२ गुणांचा संघ पहिल्यापासून १९ आणि दुसऱ्यापासून १५ गुणांनी मागे राहिला असता. तिसऱ्या आलेल्या चेस्टरफील्डचे ८४ होते, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्यात २३ गुणांची दरी. पहिले दोघे जणू वेगळ्याच स्पर्धेत खेळत होते.

याहून बोलकी तुलना ८८ या आकड्याची आहे. २०२१-२२ मध्ये नॅशनल लीगमध्ये २३ संघ उरले होते, म्हणून सामने ४४. रेक्सहॅमने ८८ गुण केले, सामन्याला बरोबर दोन. ९४ गुणांचा स्टॉकपोर्ट काउंटी वर गेला. रेक्सहॅम दुसरा आला आणि प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात आपल्याच मैदानावर, ज्यादा वेळेत, ग्रिम्सबीकडून ५-४ असा हरला. ग्रिम्सबी सहाव्या क्रमांकावरचा संघ. पुढे तोच वर गेला. दोन वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, रेक्सहॅमने लीग टूमध्ये ४६ सामन्यांत पुन्हा ८८च गुण केले. दोन सामने जास्त खेळून तेवढेच गुण, प्रतिस्पर्धी एक इयत्ता वरचे, क्रमांकही तोच दुसरा, आणि या वेळी थेट बढती. मधल्या काळात बदलला होता तो दारांचा आकडा.

आणि पैशाचेच बोलायचे तर २०११-१२ चा मोसम कसा विसरायचा? त्या हिवाळ्यात क्लब डबघाईतून चाहत्यांच्या ट्रस्टकडे आला होता. श्रीमंत मालक कोणी नव्हता. तरी संघाने ९८ गुण केले. दुर्दैवाने समोर फ्लीटवुड टाउन होता, आणि फ्लीटवुडकडे त्या वर्षी ३१ लीग गोल करणारा जेमी वार्डी. त्यांचे १०३ झाले. ९८ गुणांचा रेक्सहॅम प्ले-ऑफमध्ये ल्युटनकडून हरला. पुढच्या वर्षी वेम्ब्लीवर प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात न्यूपोर्टने २-० ने हरवले. म्हणजे पैसा नसताना ९८ आणि पैसा आल्यावर पहिल्या पूर्ण मोसमात ४४ सामन्यांत ८८, आणि दोन्ही वेळा मुक्काम तिथेच. २००८ मध्ये खाली गेलेला क्लब वर यायला पंधरा वर्षे लागली, त्यातली काही वर्षे तरी या अरुंद दाराने खाल्ली.

मग २०२२-२३ मध्ये काय वेगळे घडले? रेक्सहॅमचे ३४ विजय, ९ बरोबऱ्या, ३ पराभव. नॉट्सचे ३२ विजय, ११ बरोबऱ्या, ३ पराभव. कमाल गुण १३८. त्यातून रेक्सहॅमने बरोबऱ्यांत १८ आणि पराभवांत ९ असे २७ गमावले. नॉट्सने २२ आणि ९ असे ३१. पराभव सारखेच. सगळा फरक दोन बरोबऱ्यांचा. ४६ सामन्यांच्या मोसमात विजेतेपद म्हणजे अटकलेले दोन सामने शेवटच्या दहा मिनिटांत ओढून नेणे, बाकी काही नाही. वर जाऊ पाहणाऱ्या संघाचे नुकसान पराभवापेक्षा बरोबरीने जास्त होते, हे तिथले प्रशिक्षक जाणतात; आपल्याकडे मात्र 'अपराजित' या शब्दाचे कौतुक संपत नाही. दहा सामन्यांत सात विजय आणि तीन पराभव म्हणजे २१ गुण. चार विजय आणि सहा बरोबऱ्या म्हणजे अपराजित, पण १८.

रेक्सहॅमचे तिन्ही पराभव बाहेरचे. ऑगस्टमध्ये चेस्टरफील्डला ०-२, ऑक्टोबरमध्ये नॉट्सकडे ०-१, आणि त्यानंतर सहा महिने लीगमध्ये एकही नाही. तिसरा आला तो नेमका नको तेव्हा. ७ एप्रिल २०२३, गुड फ्रायडे, हॅलिफॅक्समध्ये १-३. त्या दिवशी नॉट्स जिंकला आणि दोघांचे १००-१०० गुण झाले. रेक्सहॅमचा एक सामना हाताशी होता, म्हणजे तो नॉट्सपेक्षा एक कमी खेळला होता. सोमवारी, १० एप्रिलला, गाठ एकमेकांशीच.

हातच्या सामन्याबद्दल जरा सांगायला हवे, कारण तक्ता वाचताना तिथे फसगत होते. रेक्सहॅम त्या वर्षी एफए कपमध्ये, म्हणजे लीगबाहेरच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, सात सामने खेळला. पात्रता फेरीत ब्लिथ स्पार्टन्सविरुद्ध पुन्हा खेळावे लागले, मग ओल्डहॅम, फार्नबरो, कॉव्हेंट्रीवर ४-३, शेफील्ड युनायटेडशी ३-३ आणि फेरसामन्यात १-३. कपचा सामना शनिवारी आला की लीगचा पुढे ढकलला जातो, तो मग मंगळवारी रात्री भरून काढायचा. तक्त्यात हातचा सामना पुंजीसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो उधारीसारखा असतो. मार्च-एप्रिलमध्ये तीन-तीन दिवसांनी खेळताना मांडीचे स्नायू आखडतात, आणि छोट्या तुकडीच्या क्लबला तिथेच दम लागतो. मोठी तुकडी बाळगता येणे हा पैशाचा खरा उपयोग, आणि तो रेक्सहॅमला झाला, हे मान्य करायला हरकत नाही.

दहा एप्रिलचा सामना मात्र शेवटी एका माणसाच्या हातांवर आला. नॉट्सच्या जॉन बॉस्टॉकने फ्री किकवर पहिला गोल केला. पॉल मुलिनने बरोबरी साधली, जेकब मेंडीने आघाडी, काइल कॅमेरनने पुन्हा बरोबरी, एलियट लीने ३-२. नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर, भरपाई वेळेत, नॉट्सला पेनल्टी मिळाली. समोर बेन फॉस्टर, इंग्लंडचा माजी गोलरक्षक, निवृत्ती सोडून दोन-तीन आठवड्यांपूर्वी आलेला, आठवडाभरापूर्वी चाळीस पूर्ण केलेला. सेडविन स्कॉटने मारलेली पेनल्टी त्याने अडवली. ती आत गेली असती आणि बाकी सगळे जसेच्या तसे घडले असते, तर मोसमाअखेर रेक्सहॅमचे १०९ आणि नॉट्सचे १०८ दिसले असते.

फॉस्टर आला कसा, हेही पाहण्यासारखे आहे. क्लबकडे गोलरक्षकाच्या दुखापतीची अडचण होती. खालच्या श्रेणीत ही नेहमीची अडचण असते. दोन अनुभवी गोलरक्षकांना पगार देणे बहुतेकांना परवडत नाही; दुसरा म्हणून कोवळा मुलगा ठेवतात आणि पहिल्याच्या बोटाला किंवा गुडघ्याला काही होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात. रेक्सहॅमने नोंदणीची मुदत संपता संपता, मार्चच्या उत्तरार्धात, करारमुक्त असलेला माणूस शोधला. फॉस्टर २००५ मध्येही उसना म्हणून याच क्लबकडून खेळला होता. २२ एप्रिलला बोरहॅम वुडने पहिल्याच मिनिटाला गोल केला, तरी लीच्या एका आणि मुलिनच्या दोन गोलांनी सामना ३-१ असा फिरला आणि एक फेरी शिल्लक असताना जेतेपद नक्की झाले.

गोल कोणी केले, याकडे पाहिले तर पैशाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. मुलिनने ३८ लीग गोल केले. तो २०२०-२१ मध्ये केंब्रिज युनायटेडसाठी लीग टूमध्ये ३२ गोल करून लीग वनच्या दारात उभा होता आणि तिथून दोन श्रेणी खाली आला. तो पगाराशिवाय येणार नाही, उघड आहे. ऑली पामरला विंबल्डनकडून घेताना सुमारे ३ लाख पौंड मोजल्याचे सांगितले जाते. पण त्या मोसमात सर्वाधिक गोल त्यांचे नव्हतेच. नॉट्सच्या मॅकॉली लँगस्टाफने ४२ केले, आणि त्याला नॉट्सने आणले होते सहाव्या श्रेणीतल्या गेट्सहेडकडून. एकाने वरून खाली उतरवला, दुसऱ्याने खालून वर काढला. आकडे पाहून दुसऱ्याची नजर मला जास्त कौतुकाची वाटते.

रेक्सहॅमचे प्रशिक्षक फिल पार्किन्सन यांचे नाव आपल्याकडे अभिनेत्यांच्या नावांनंतर, आले तर, येते. कोलचेस्टर २००६, ब्रॅडफर्ड २०१३, बोल्टन २०१७ अशा तीन बढत्या त्यांच्या नावावर आधीच होत्या. त्यांचा खेळ देखणा नव्हता. मागे तीन उंच बचावपटू, पुढे दोन आघाडीवीर, आणि बाजूरेषेवरून थेट गोलसमोर पडणारा बेन टोझरचा लांब थ्रो. या थ्रोला नाके मुरडणाऱ्यांनी नियम पाहावा. थ्रोमधून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड लागत नाही. म्हणून गोलरक्षकाच्या अंगाला अंग लावून दोन माणसे उभी करता येतात आणि प्रत्येक थ्रो कॉर्नरसारखा होतो. धोका असतो तो चेंडू परतल्यावर. उंच बचावपटू सगळे पुढे गेलेले, चेंडू गोलसमोरच्या पेटीबाहेर आला की समोर निम्मे मैदान मोकळे. म्हणून मधल्या फळीतला एक आणि पलीकडच्या बाजूचा एक असे दोघे मध्यरेषेजवळ थांबायलाच हवेत, आणि पेटीच्या कडेला पडणारा दुसरा चेंडू पकडायला एक. तो तिसरा माणूस झोपला की उलटा गोल बसतो.

नॉट्सचे पुढे काय झाले हे बहुतेकांना ठाऊक नाही. उपांत्य सामन्यात बोरहॅम वुडविरुद्ध ते ०-२ पिछाडीवर होते. ओढून बरोबरी केली आणि ज्यादा वेळेच्या अगदी शेवटी, १२०व्या मिनिटाला जोडी जोन्सने गोल करून ३-२ जिंकले. १३ मे रोजी वेम्ब्लीवर समोर चेस्टरफील्ड, तोच २३ गुणांनी मागे असलेला. तिथेही दोनदा मागे पडून २-२. पेनल्टी शूटआउटच्या तोंडावर प्रशिक्षक ल्यूक विल्यम्स यांनी संपूर्ण सामना खेळलेल्या गोलरक्षकाला बाहेर बोलावून आर्ची मेर या बदली गोलरक्षकाला आत धाडले. त्याने दोन पेनल्टी अडवल्या, नॉट्स ४-३ ने वर गेला. मेरने त्या दिवशी खुल्या खेळात जेमतेम हात लावला असेल. हा निर्णय फसला असता तर विल्यम्स यांना लोकांनी काय म्हटले असते, याची कल्पना करता येते.

बढतीनंतरचा खर्चही बातम्यांत येत नाही. नॅशनल लीगमध्ये कृत्रिम मैदान चालते, लीग टूमध्ये चालत नाही. २०२० मध्ये हॅरोगेट टाउन वर गेला तेव्हा मैदान उखडून गवत लावेपर्यंत त्याला सुरुवातीचे घरचे सामने डॉनकास्टरमध्ये खेळावे लागले. २०२१ मध्ये सटन युनायटेडला आणि २०२४ मध्ये ब्रॉमलीलाही मैदान उखडून गवत लावावे लागले. कृत्रिम मैदान भाड्याने देऊन जे उत्पन्न आठवडाभर येते, ते गवत लावल्यावर बंद होते, हा तोटा वेगळाच.

आणि संघ? १११ गुणांच्या रेक्सहॅमने लीग टूचा पहिलाच सामना घरी ३-५ असा गमावला, मिल्टन कीन्स डॉन्सकडून. दोन आठवड्यांनी स्विंडनशी ५-५. खालच्या श्रेणीत जी चूक निभावली जाते तिची वर किंमत मोजावी लागते. शिवाय मुलिन अमेरिकेतल्या सराव सामन्यात फुप्फुसाला इजा झाल्याने बाहेर होता. स्विंडननंतर फॉस्टरने स्वतःच थांबायचे ठरवले. क्लबने आर्सेनलकडून आर्थर ओकोन्को या तरुण गोलरक्षकाला उसने आणले आणि गळती आटोक्यात आली. आदल्या एप्रिलचा नायक ऑगस्टमध्ये बाजूला झाला, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. खालून वर जाताना असेच करावे लागते. पैसा असूनही अडकून पडता येते, याचा नमुना सॅल्फर्ड सिटी. मँचेस्टर युनायटेडच्या माजी खेळाडूंचा पाठिंबा, २०१९ मध्ये लीग टू, आणि त्यानंतरच्या सहा मोसमांत पुढची पायरी नाही.

आपल्या क्रीडा विभागाकडे दोन मागण्या आहेत. पहिली नावांबद्दल. 'लीग वन' म्हणजे पहिली श्रेणी नव्हे आणि 'लीग टू' म्हणजे दुसरी नव्हे. प्रीमियर लीग पहिली, चॅम्पियनशिप दुसरी, लीग वन तिसरी, लीग टू चौथी, नॅशनल लीग पाचवी. 'द्वितीय श्रेणीतील रेक्सहॅम' असे २०२३-२४ च्या संघाबद्दल छापले गेले की वाचक दोन पायऱ्या चुकतो. मूळ नाव ठेवावे आणि पुढे क्रमांक लिहावा, बस.

दुसरी मागणी तक्त्याची. जागा कमी म्हणून फक्त संघ आणि गुण छापले जातात. त्यात खेळलेले सामने नसले तर हातचा सामना कळत नाही, बरोबऱ्या नसल्या तर चार गुण कुठे गेले ते कळत नाही. आणि गोलफरकाचा रकाना तर अजिबात गाळू नये. रेक्सहॅमने त्या मोसमात ११६ गोल करून ४३ खाल्ले, फरक ७३. नॉट्सने ११७ करून ४२ खाल्ले, फरक ७५. गुण समान झाले असते तर थेट बढती नॉट्सला मिळाली असती.

आपला,
एक नियमित वाचक